मात्रा, वेळ आणि वाक्य : छत्तीसगढमधील वैद्यक साहाय्यकांचे औषधशिक्षण

१

वैद्यकाचे शिक्षण भारतीय भाषांतून द्यावे की नाही, ही चर्चा आपल्याकडे बहुधा परिभाषेपाशी सुरू होते आणि परिभाषेपाशीच संपते. फार्माकॉलॉजीला ‘औषधशास्त्र’ म्हणावे की ‘भेषजगुणविज्ञान’, ह्यावर मराठीत व हिंदीत पुष्कळ शाई खर्च झाली आहे. ह्या विचाराला मध्य भारतात विशेष पार्श्वभूमी आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत विदर्भ आणि छत्तीसगढ हे दोन्ही प्रदेश नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्यात होते. हिंदी व मराठी ह्या दोन्ही तेथील राजभाषा होत्या, आणि डॉ. रघुवीर ह्यांचे संस्कृतनिष्ठ परिभाषानिर्मितीचे कार्यही नागपुरातच चालले होते. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये भोपाळ येथे एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली, तेव्हा त्यांतील बहुतेक संज्ञा इंग्रजीच होत्या, फक्त लिपी देवनागरी होती. मग चर्चा पुन्हा संज्ञांवरच आली.

परंतु औषध रोग्याच्या हाती पडते ते संज्ञेच्या रूपाने नव्हे, तर एका वाक्याच्या रूपाने. ‘ही गोळी सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर घ्या’ हे ते वाक्य होय. ते बहुधा डॉक्टर उच्चारीत नाही; परिचारिका, औषध देणारा किंवा वैद्यक साहाय्यक उच्चारतो. चिठ्ठी इंग्रजीत व लॅटिन संक्षेपांत, शिक्षण हिंदीत किंवा मराठीत, रोगी बोलीत, अशी ही तीन मजल्यांची इमारत आहे आणि तिचा जिना साहाय्यकाच्या ताब्यात आहे. औषधाच्या सुरक्षिततेचा शेवटचा दुवा भाषिक आहे, म्हणून साहाय्यकाच्या औषधशिक्षणात भाषेला अभ्यासविषयाचे स्थान मिळाले पाहिजे, हे छत्तीसगढच्या उदाहरणावरून दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

हा प्रश्न मराठीला नवा नाही. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, स्थापनेनंतर सुमारे दीड दशकाने, मराठी व गुजराती माध्यमाचे वर्ग निघाले. त्यांचा हेतू पदवीधर डॉक्टर घडविण्याचा नव्हता. दवाखान्यांना हवे असलेले ‘हॉस्पिटल असिस्टंट’ तयार करण्याचा होता. पुढे हे शिक्षण पुणे व अहमदाबाद येथील शाळांकडे गेले. ह्या वर्गांमुळे डॉ. सखाराम अर्जुन ह्यांच्यासारख्यांनी मराठीत वैद्यकाची पाठ्यपुस्तके लिहिली. ह्याच सखाराम अर्जुनांनी १८७९ मध्ये मुंबईच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या औषधी द्रव्यांची इंग्रजी सूचीही प्रसिद्ध केली. एकच मनुष्य शास्त्र मराठीत आणतो आणि बाजारातील देशी नावे इंग्रजीत नेतो, ही गोष्ट लक्षणीय आहे. भाषांतर दोन्ही दिशांनी झाले पाहिजे, ही जाणीव त्या पिढीला होती. नंतरच्या परिभाषाकोशांत पहिली दिशा राहिली आणि दुसरी हळूहळू मागे पडली.

हॉस्पिटल असिस्टंटचा आधुनिक वारस छत्तीसगढमध्ये आढळतो. नोव्हेंबर २००० मध्ये हे राज्य अस्तित्वात आले, तेव्हा ग्रामीण भागात डॉक्टरांची तीव्र उणीव होती. २००१ मध्ये छत्तीसगढ चिकित्सा मंडळ अधिनियम करून शासनाने तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. जगदलपूर, अंबिकापूर, पेंड्रा रोड आदी ठिकाणी त्याच्या संस्था निघाल्या. पदविकेच्या नावावरून वाद झाला, नाव बदलले, डॉक्टरांच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली आणि काही वर्षांतच नवे प्रवेश थांबले. तयार झालेल्या पदविकाधारकांना मात्र ‘ग्रामीण चिकित्सा सहायक’ म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांवर नेमण्यात आले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक अभ्यासात, नेहमीच्या आजारांच्या उपचाराची जाण तपासली असता, हे सहायक एम.बी.बी.एस. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या बरोबरीने उतरले. ज्यांना काय म्हणावे हेच ठरत नव्हते, त्यांचे काम नावाच्या वादापेक्षा पुढे गेले.

दुसरे उदाहरण भिलाईशी जोडलेले आहे. भिलाई पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथे खाणकामगारांच्या संघटनेने १९८३ मध्ये शहीद रुग्णालय सुरू केले. ते १९७७ च्या गोळीबारात मारल्या गेलेल्या कामगारांच्या स्मरणार्थ होते. संघटनेचे नेते शंकर गुहा नियोगी ह्यांची १९९१ मध्ये भिलाईत हत्या झाली. रुग्णालय चालू राहिले. तेथे कामगार-शेतकऱ्यांच्या घरांतील मुली आरोग्यसेविका म्हणून तयार झाल्या आणि अनावश्यक इंजेक्शने व टॉनिके ह्यांविरुद्ध सोप्या हिंदीत लोकशिक्षण झाले. जिच्या घरी छत्तीसगढी बोलली जाते, तिला चिठ्ठी आणि रोगी ह्यांमधील अंतर कोणी समजावून द्यावे लागत नाही. अडचण असते ती त्या जाणिवेला शास्त्राची जोड देण्याची.

३

आता प्रत्यक्ष शब्दांकडे वळू. प्राथमिक औषधशिक्षणात पाच गोष्टी घोकून घेतल्या जातात : योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. ह्यांतील प्रत्येक ‘योग्य’मागे एक भाषिक सापळा आहे.

पहिला सापळा ‘औषध’ हाच शब्द. मराठीत औषध ‘घेतात’. हिंदीत दवा ‘खातात’ किंवा ‘पितात’. मराठी खेड्यात ‘त्याने औषध प्यायले’ एवढे म्हटले, की ऐकणाराच्या मनात उभे राहते ते कीटकनाशक. कारण फवारणीचे ते औषध, उंदराचे ते औषध आणि तापाचेही औषधच. हिंदीतील ‘दवा’ आणि छत्तीसगढीतील ‘दवई’ ह्यांचा अर्थविस्तारही असाच आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्या घटनेची कारणे अनेक होती आणि ती एका शब्दावर लादणे योग्य होणार नाही. तरीही जीव वाचविणाऱ्या आणि जीव घेणाऱ्या द्रव्याला भाषा एकच नाव देते, दोन्हींच्या बाटल्या एकाच फळीवर ठेवल्या जातात, हे साहाय्यकाला ठाऊक असले पाहिजे. ‘औषध मुलांच्या हाती लागू देऊ नका’ ह्या सूचनेत कोणते औषध, हे त्याने वेगळे सांगितले पाहिजे.

४

दुसरा सापळा मात्रेचा. मात्रा हा शब्द साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. छंदात ती उच्चाराच्या कालाचे माप, लिपीत ती अक्षरावरील खूण, वैद्यकात ती द्रव्याचे परिमाण. तिन्ही ठिकाणी अर्थ एकच : एवढेच, अधिक नाही, उणे नाही. कवितेत मात्रा चुकली तर चरण लंगडतो; औषधात चुकली तर मूल दगावू शकते.

पॅरासिटामॉलचे उदाहरण घ्यावे. लहान मुलाला एका वेळी शरीराच्या दर किलोला सुमारे १५ मिलिग्रॅम ही त्याची नेहमीची मात्रा. म्हणजे दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. आपल्याकडे मिळणाऱ्या नेहमीच्या सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये सुमारे १२५ मिलिग्रॅम औषध असते, तर तान्ह्या मुलांसाठी केलेल्या थेंबांच्या एकाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. थेंबांची बाटली सिरप समजून तिच्यातील एक चमचा पाजला, तर मुलाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जातात. बाटली लहान म्हणजे औषध सौम्य, ही घरगुती समजूत येथे नेमकी उलटी ठरते. शिवाय ‘चमचा’ हे माप नव्हे, ती वस्तू आहे. चहाचा चमचा, वाढायचा चमचा आणि बाटलीबरोबर आलेले खुणांचे झाकण ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून साहाय्यकाने ‘एक चमचा’ असे न म्हणता झाकणावरील रेघेवर बोट ठेवून ‘ह्या रेघेपर्यंत’ असे म्हणावे.

ह्या बाबतीत जुना कंपाउंडर अधिक शहाणा होता, असे म्हणावे लागते. मिश्रणाच्या बाटलीवर तो दातेरी कापलेली कागदाची पट्टी चिकटवीत असे. एक दाता म्हणजे एक डोस. अक्षरशत्रू रोग्यालाही तो मजकूर वाचता येई. मराठी समाजाच्या वाचनसंस्कृतीचा इतिहास लिहिताना ह्या निरक्षर पट्टीची नोंद सहसा कोणी घेत नाही.

५

तिसरा सापळा वेळेचा, आणि तो भिलाईत सर्वांत स्पष्ट दिसतो. सोव्हिएत साहाय्याने उभ्या राहिलेल्या ह्या कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली आणि तिच्याभोवती देशाच्या सर्व भागांतून आलेल्या कुटुंबांची वसाहत वाढली. तेलुगू, बंगाली, ओडिया, मल्याळी, पंजाबी, मराठी अशा घरांची सामाईक भाषा हिंदी, आणि भोवतालच्या खेड्यांची छत्तीसगढी. सेक्टर ९ मधील कारखान्याच्या रुग्णालयात ह्या सर्व भाषा एका रांगेत उभ्या राहतात.

चिठ्ठीवरील ‘टी.डी.एस.’ म्हणजे दिवसातून तीन वेळा. साहाय्यक त्याचा अनुवाद ‘सकाळ, दुपार, रात्र’ असा करतो. पण प्रतिजैविकाच्या बाबतीत ह्या संक्षेपाचा खरा अर्थ सुमारे आठ-आठ तासांनी असा असतो. सकाळी आठ, दुपारी एक आणि रात्री नऊ असे घेतले, तर रात्रीचे अंतर अकरा तासांचे होते. ‘एच.एस.’ म्हणजे झोपताना. त्याचा अनुवाद सर्रास ‘रात्री’ असा होतो. परंतु भिलाईचे जीवन तीन पाळ्यांवर चालते. रात्रपाळीचा कामगार सकाळी झोपतो. सर्दीवरील क्लोरफेनिरामिनसारखी गुंगी आणणारी गोळी त्याने ‘रात्री’ घेतली, तर ती घेऊन तो भट्टीवर कामाला जाईल. येथे ‘झोपताना’ आणि ‘रात्री’ हे पर्याय नाहीत. त्यांतील अंतर अपघाताइतके मोठे आहे. ‘जेवणानंतर’ ह्या शब्दाचेही तसेच. सकाळी बासी खाऊन कामावर जाणाऱ्या माणसाच्या लेखी ते जेवण आहे की न्याहारी, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

आश्चर्य असे, की ह्या विषयात आपली परंपरा दरिद्री नाही. सुश्रुतसंहितेत औषध घेण्याचे दहा काल सांगितले आहेत. जेवणापूर्वी, जेवणाच्या मध्ये, जेवणानंतर, घासाबरोबर, दोन घासांमध्ये, पुनःपुन्हा असे त्यांचे बारकावे आहेत. मराठीत ‘अनशापोटी’सारखा नेमका शब्द आजही जिवंत आहे. चरकाने वैद्य, द्रव्य आणि रोगी ह्यांच्या जोडीला उपस्थात्याला, म्हणजे शुश्रूषा करणाऱ्याला, चिकित्सेचा स्वतंत्र पाद मानले. ही शब्दसंपत्ती गौरवासाठी नव्हे, तर वापरासाठी आहे.

६

चौथा सापळा अधिक खोल आहे, कारण तो शब्दाचा नसून कल्पनेचा आहे. महाराष्ट्रात काय किंवा छत्तीसगढमध्ये काय, गोळी ‘गरम पडते’ अशी दृढ समजूत आहे. उष्णता मारण्यासाठी रोगी गोळी दुधाबरोबर घेतो. टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन ह्यांच्या बाबतीत हे घातक ठरते. दुधातील कॅल्शियमशी त्यांचा संयोग होऊन औषध रक्तात पुरेसे शोषले जात नाही. लोहाच्या गोळीने शौचाला काळे होते. गर्भवती स्त्री त्याचाही अर्थ उष्णता असा लावते आणि गोळ्या बंद करते. साहाय्यकाने ही समजूत हसण्यावारी नेली, तर रोगी गप्प बसेल आणि घरी आपल्याच मताने वागेल. त्याऐवजी ‘गरम वाटले तर दिवसा ताक प्या, पण ही गोळी पाण्याबरोबरच घ्या, दूध-ताक दोन तास तरी मागे-पुढे ठेवा’ असे म्हणणारा साहाय्यक रोग्याची कल्पनाही जपतो आणि औषधाचा परिणामही.

भाषेच्या सामर्थ्याला मर्यादा आहेत, हेही नोंदविले पाहिजे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनने चौदा रोगी दगावले आणि न्या. लेंटिन आयोग नेमावा लागला. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये बिलासपूर जिल्ह्यातील नसबंदी शिबिरांनंतर तेरा स्त्रियांचा मृत्यू झाला. तेव्हा शस्त्रक्रियेतील हेळसांडीबरोबर गोळ्यांच्या शुद्धतेवरही संशय घेतला गेला. २०२५ मध्ये छिंदवाड्यात डायएथिलीन ग्लायकॉल असलेल्या खोकल्याच्या सिरपने वीसहून अधिक बालके गेली. त्यांतील कित्येकांना नागपूरला आणावे लागले होते. असे विष कोणत्याही साहाय्यकाला डोळ्यांनी ओळखता येत नाही. पण बाटलीवरील बॅच क्रमांक वाचणे, तो रोग्याच्या नावापुढे लिहिणे आणि दोन रोग्यांत सारखेच विपरीत लक्षण दिसताच वर कळविणे, हे त्याच्या हाती आहे. तेही शेवटी वाचन-लेखनच होय.

७

ह्या विवेचनातून अभ्यासक्रमासाठी तीन गोष्टी निघतात. प्रत्येक औषधाच्या पाठाबरोबर त्याचे सूचनावाक्य प्रमाण भाषेत व स्थानिक बोलीत तयार करून घ्यावे. ते वाक्य रोग्याकडून त्याच्या शब्दांत परत वदवून घेण्याचा सराव परीक्षेचा भाग असावा, ‘समजले का?’ ह्या प्रश्नाला रोगी नेहमीच ‘हो’ म्हणतो, त्यामुळे तो प्रश्न निरुपयोगी आहे. आणि बोलीतील औषधविषयक शब्दांचा संग्रह प्रदेशवार व्हावा.

ही तिसरी गोष्ट एकट्या वैद्यकाला जमणारी नाही. छत्तीसगढीला २००७ मध्ये राजभाषेचा दर्जा मिळाला, तरी आरोग्य केंद्रातील शब्दांचे कोश त्यामुळे आपोआप तयार झाले नाहीत. जगदलपूरच्या परिसरातील हलबी तर ग्रियर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणात मराठीच्या खंडात नोंदविलेली; मराठी, ओडिया आणि छत्तीसगढी ह्यांच्या सीमेवरची ही बोली. तिच्यातील दुखणे, माप आणि वेळ ह्यांचे शब्द गोळा करण्याचे काम मराठीच्या अभ्यासकाला जवळचे वाटावे. भाषांतराचा सिद्धांत आपण काव्याच्या संदर्भात पुष्कळ पारखला आहे. तेथे अर्थाची हानी झाली, तर दुसरा अनुवादक पुन्हा प्रयत्न करू शकतो. आरोग्य केंद्राच्या खिडकीपाशी तशी दुसरी आवृत्ती नेहमीच निघते असे नाही. म्हणूनच साहाय्यकाच्या वाक्याकडे भारतीय भाषांच्या विद्यापीठीय अभ्यासाने गांभीर्याने पाहिले पाहिजे.