जाहीर लोकसुनावणी आणि शेतकरी

गावाच्या शिवारालगत मोठी खाण किंवा सिमेंटचा कारखाना निघावयाचा असला, म्हणजे विहिरीचे पाणी, उभे पीक व गुरांची चराई या सर्वांवर त्याचा परिणाम होण्याचा संभव असतो. यास्तव केंद्र सरकारने १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेद्वारे अनेक प्रकारच्या प्रकल्पांस पर्यावरणविषयक मंजुरी देण्यापूर्वी जाहीर लोकसुनावणी आवश्यक ठरविली आहे. महाराष्ट्रात ही सुनावणी राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रकल्पस्थळी अथवा त्याच्या नजीक भरविते. जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतात.

सभेपूर्वी

सुनावणीची सूचना निदान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत प्रसिद्ध होते. जेथे वर्तमानपत्र पोहोचत नाही तेथे दवंडी पिटून ती कळवावी, असा नियम आहे. प्रकल्पाचा मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद व जिल्हा उद्योग केंद्र येथे पाहावयास मिळतो; त्याचा सारांश मराठीतही असतो. गावकार्यकर्त्याने तो चावडीवर वाचून दाखवावा. आपल्या विहिरी, ओढे व पाणवठे त्यात नोंदले आहेत काय, हे शेतकऱ्यांनी पडताळून पाहावे. विहिरींच्या पाण्याची पातळी मोजून तारखेसह लिहून ठेवावी.

सभेत

उपस्थित प्रत्येकास प्रश्न विचारण्याची संधी असते. "प्रकल्प नको" एवढेच म्हणून थांबू नये. पाणी कोठून व किती उपसणार, सांडपाणी कोठे सोडणार, धुरळा कसा आवरणार, असे नेमके विचारावे. लेखी हरकतही देता येते. तिची पोच घ्यावी.

या सभेस गणसंख्येची अट नाही. गाव घरी बसले तरी सभा पूर्ण झाली असेच धरले जाते, हे ध्यानात ठेवावे.

सभेअखेर

कामकाजाचे चित्रीकरण होते व इतिवृत्त शेवटी लोकांच्या भाषेत वाचून दाखविले जाते. पुष्कळ लोक त्यापूर्वीच उठून जातात, ही मोठी चूक होय. आपला मुद्दा गळला असल्यास तेथेच उभे राहून नोंदवून घ्यावा, कारण इतिवृत्तावर त्याच दिवशी सही होते. पुढे मुद्द्यांचे निवेदन ग्रामपंचायतीत लावले जाते, तेही वाचावे.

या सभेत मते मोजून निर्णय होत नाही. निर्णयापूर्वी तज्ज्ञ समितीपुढे हेच इतिवृत्त जाते. म्हणून जे बोलावयाचे ते पुराव्यानिशी बोलावे आणि बोललेले कागदावर आले, याची खात्री करूनच घरी परतावे.