मागे राहिलेल्यांचे काय?

महात्मा फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तेथील सज्जनांना अर्पण केला. ते गुलाम मुळात आफ्रिकेतून आणलेले. त्यांच्याविषयी बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येते : "आफ्रिकी लोकांनीच आपली माणसे विकली." वर्गातील चर्चेत मीही ते म्हटले होते. आज ते मला अपुरे वाटते.

१५०१ ते १८६६ या काळात सुमारे १ कोटी २५ लाख माणसे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत कोंबली गेली. पलीकडे जिवंत उतरली ती सुमारे १ कोटी ७ लाख. बाकीची समुद्रातच दगावली.

त्यांना पकडणारे बहुधा आफ्रिकीच होते, हे खरे. पण त्या काळी 'आपण आफ्रिकी' अशी एक ओळख नव्हती. काँगो, दाहोमी, अशांती ही निरनिराळी राज्ये होती. शेजारच्या राज्यातील युद्धकैदी त्यांच्या लेखी परकाच. गुलामी तेथे पूर्वीही होती. परंतु समुद्रापलीकडून अखंड मागणी येऊ लागल्यावर तिचे रूप पालटले.

काँगोचा राजा आफोन्सू पहिला याचेच उदाहरण घ्या. तो स्वतः युद्धकैदी विकत असे. पण १५२६ साली त्याने पोर्तुगालच्या राजाला पत्रे लिहून तक्रार केली, की व्यापारी आमची प्रजा, सरदारांची मुले, इतकेच नव्हे तर आमचे नातलगही पळवून नेत आहेत आणि देश ओस पडत आहे. आम्हाला माल नको, धर्मगुरू आणि शिक्षक पाठवा, अशी त्याची मागणी होती. विकला जाणारा माणूस खरोखर कैदी आहे की पळवलेला, हे तपासायला त्याने तीन अधिकारीही नेमले. तरीही व्यापार थांबला नाही.

याचे एक कारण बंदूक. माणसांच्या बदल्यात व्यापारी कापड (त्यात आपल्या देशातले सुती कापडही असे), लोखंडाचे गज, मद्य आणि पुढे पुढे बंदुका देऊ लागले. शेजाऱ्याजवळ बंदूक आली की आपल्याजवळही हवी. ती घ्यायची तर माणसे द्यायची, आणि माणसे पकडायला पुन्हा बंदूक हवी! या चक्रातून एकट्याने बाहेर पडणे म्हणजे स्वतःच शिकार होणे.

न्यायही नासला. पूर्वी दंड भरून मिटणाऱ्या गुन्ह्यांना विक्रीची शिक्षा होऊ लागली. चेटुकाचा आरोपही एखाद्याला विकायला पुरे होई. नेलेल्यांत साधारण तिनांत दोन पुरुष असत. त्यामुळे अंगोलासारख्या प्रदेशात बायकाच अधिक उरल्या आणि कामाचा भार त्यांच्यावर पडला.

सर्वांत मोठी हानी मात्र मोजता न येणारी, असे मला वाटत होते. पण २०११ साली नेथन नन आणि लिओनार्ड वांचेकॉन या अर्थशास्त्रज्ञांनी तीही मोजून दाखवली. ज्या समूहांतून अधिक माणसे नेली गेली, त्यांतील आजची माणसे नातलगांवर, शेजाऱ्यांवर आणि स्थानिक कारभाऱ्यांवर इतरांपेक्षा कमी विश्वास ठेवतात, असे त्यांना आढळले. जिथे शेजारीच धरून देई, तिथे दुसरे काय होणार?

ज्यांनी विकले, त्यांचा दोष मी पुसत नाही. पण ते वाक्य पुन्हा कानावर आले, तर मी एवढेच विचारीन : आफोन्सूने शिक्षक मागितल्यावरही जहाजे कशासाठी येत राहिली?