पडसादाचे गणित

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या दिवेआगरच्या किनाऱ्यावर कितीही मोठ्याने हाक मारा, ती परत येत नाही. समोर उघडा समुद्र, पायांखाली वाळू, पाठीशी सुरू आणि नारळी-पोफळीच्या वाड्या. झाडांत आवाज विखुरतो, वाळूत जिरतो, उरलासुरला लाटांच्या गाजेत बुडतो. त्यामुळे आपल्याच रायगड जिल्ह्यातील माथेरानच्या एको पॉइंटवर माझी हाक मला परत ऐकू आली, तेव्हा तिचे कारण शोधावेसे वाटले. आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना हा विषय परका खरा. पण त्यात गुणाकार-भागाकारापलीकडे फारसे काही नाही.

माथेरान सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. माथ्यावर तांबडा जांभा, खाली काळ्या पाषाणाचे उभे कडे. असा रुंद, कठीण कडा दरीपलीकडे असला की ध्वनी त्यावर आपटून माघारी वळतो. २० अंश सेल्सिअसच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. हाकेचा प्रवास जाऊन-येऊन असल्याने, दोन सेकंदांनी पडसाद आला तर कडा ३४३ मीटरवर समजावा. न्यूटनने हेच गणित उलटे मांडले होते. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातील ओवरीची लांबी त्याला ठाऊक होती. तेथील पडसादाला लागणारा वेळ लंबकाने मोजून त्याने ध्वनीचा वेग काढला.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. डोंगरात हाकेला ओ देणारे कोणीतरी असते, अशी आईची समजूत. तिला मी हा हिशेब सांगितला. ती म्हणाली, "मग शेवटचाच शब्द का परत येतो गं? अख्खे बोलणे का नाही?"

प्रश्न रास्त होता; परीक्षेतसुद्धा असा विचारत नाहीत! बोलणे चालू असतानाच आधीचे शब्द परतलेले असतात, पण ते आपल्याच आवाजाखाली दडपतात. सेकंदाला पाच अक्षरे बोलली आणि पडसादाला दोन सेकंद लागले, तर शेवटची दहा अक्षरे तेवढी मोकळी ऐकू येतात. कडा ३४ मीटरवर असला तर एकच अक्षर. १७ मीटरच्या आत मूळ आवाज व पडसाद कानाला वेगळे कळतच नाहीत.

तेव्हा एको पॉइंटवर जाणाऱ्यांनी लांबलचक वाक्ये ओरडू नयेत. सेकंदकाट्याचे घड्याळ न्यावे, गर्दी नसताना एकच टाळी वाजवावी आणि गप्प राहावे.