आधी पान मोज, मग टॅब घे

बाळ, दुकानात पाऊल टाकण्याआधी एक काम घरी कर. अभ्यासिकेत ज्या नोट्स तू सगळ्यात जास्त वाचतेस, त्यांतलं एक झेरॉक्सचं पान काढ आणि पट्टीने त्याची रुंदी मोज. ए-फोर असेल तर २१० मिलिमीटर भरेल. मग नुसत्या मजकुराची रुंदी मोज. दोन्ही बाजूंना इंचभर समास सोडलेला असला तर ती १६० च्या आसपास येईल. हे दोन आकडे कागदावर टिपून ठेव. टॅब कोणता घ्यायचा ते यांच्यावर ठरेल. खोक्यावर छापलेल्या इंचांवरून ते कळत नाही.

माझी उमेदीची वर्षं छापखान्यात गेली. ज्या फोरमनच्या हाताखाली मी अक्षरांचे खिळे जुळवायला शिकलो, ते नवं पुस्तक हाती आलं की आधी विचारायचे, वाचणार कोण आहे आणि किती वेळ बसून वाचणार आहे. त्यावरून अक्षर किती पॉइंटाचं ते ठरे, अक्षरावरून ओळीची लांबी, आणि मग कुठे पुस्तकाचा आकार डेमी की क्राउन हा प्रश्न येई. त्यांनी मला दिलेला हा क्रम आज तुझ्या हाती देतो, कारण टॅबच्या बाबतीत बहुतेक लोक नेमके उलट्या टोकाने सुरू करतात. आधी किंमत, मग इंच, आणि अक्षर दिसतं की नाही हे घरी आणल्यावर.

इंचांचा हिशेब समजून घे. टॅबचे इंच म्हणजे स्क्रीनचा कर्ण, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा. पान बसतं ते रुंदीत, आणि कर्ण सारखा असला तरी रुंदी सारखी असतेच असं नाही. लांबट स्क्रीन अरुंद असते, चौकोनाकडे झुकणारी रुंद असते. १६:१० प्रमाणाचा ११ इंची अँड्रॉइड टॅब उभा धरला तर रुंदी १४८ मिलिमीटर मिळते. १०.९ इंची आयपॅड कर्णाने किंचित लहान, पण त्याची रुंदी १५८ भरते. बाजारात स्वस्तात मिळणारे ८.७ इंची टॅब उभे धरले तर जेमतेम ११३ मिलिमीटरचे.

आता तुझं २१० मिलिमीटरचं पान या रुंदीत बसव. ११ इंचावर ते ७० टक्के होतं, आयपॅडवर ७५ टक्के, ८.७ इंचावर ५४ टक्के. नोट्स १२ पॉइंटात टाइप केलेल्या असतील तर अक्षर अनुक्रमे साडेआठ, नऊ आणि साडेसहा पॉइंटाचं उरतं. साडेसहा पॉइंटात आम्ही कधी तळटीपसुद्धा लावली नाही. आणि तू तर राज्यघटना आणि अर्थव्यवस्था तासन्‌तास वाचणार.

इंग्रजी वाचणाऱ्याचं कदाचित नऊ पॉइंटावर भागेल. आपल्या लिपीचं तसं नाही. मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार शिरोरेषेच्या वर. उकार आणि ऋकार खाली. या सगळ्यांना त्याच उंचीत जागा द्यावी लागते, म्हणून मधल्या अक्षराच्या वाट्याला कमी उंची येते. एकाच पॉइंटाचं मराठी आणि इंग्रजी शेजारी छापून बघ, मराठी बारीक दिसेल. त्यात जोडाक्षरं. ‘द्ध’ आणि ‘ध्द’, ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ यांतला फरक अक्षराच्या पोटात असतो, आणि आकार घटला की आधी तोच बुजतो. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांचं नाव देशभर झालं ते बारीक आकारातही जोडाक्षराची घडण स्वच्छ उठायची म्हणून. स्क्रीनवर ती स्वच्छता ठिपक्यांच्या दाटीवर अवलंबून असते. १३४० बाय ८०० ठिपक्यांच्या ८.७ इंची स्क्रीनवर इंचाला १७९ ठिपके पडतात, १९२० बाय १२०० च्या ११ इंचीवर २०६, आणि १०.९ इंची आयपॅडवर २६४. मराठी वाचायचं असेल तर माझ्या मते २०० च्या खाली उतरू नकोस.

हे आकडे कोरडे वाटत असतील तर झेरॉक्सच्या दुकानात जा. तुझं एक दाट मजकुराचं पान ७० टक्के करून घे, दुसरं ५४ टक्के. दोन्ही कागद अभ्यासिकेत तुझ्या नेहमीच्या जागी, नेहमीच्या उजेडात अर्धा तास वाच. खर्च काही रुपयांचा, आणि जे कळेल ते दुकानात टॅब पाच मिनिटं हातात धरून कळणार नाही. तिथे चकचकीत रंगीत चित्रं लावलेली असतात, त्यांच्यात सगळ्याच स्क्रीन सुंदर दिसतात. जमलं तर पुठ्ठ्याची डमीसुद्धा काप, एक २३७ बाय १४८ मिलिमीटरची आणि एक १९० बाय ११३ ची. सॅकमध्ये कुठे बसते, हातात कशी येते, सगळं समजतं. छापखान्यात डमी काढल्याशिवाय आम्ही कागद मागवत नव्हतो.

आणखी एक युक्ती आहे, ती जरूर वापर. पीडीएफ वाचायच्या अनेक ॲपमध्ये समास कापून पान दाखवायची सोय असते. ती सुरू केली की २१० ऐवजी १६० मिलिमीटरच बसवायचे राहतात. मग ११ इंचावर तुझं १२ पॉइंटाचं अक्षर ११ पॉइंटाचं दिसतं आणि आयपॅडवर जवळजवळ मूळ मापाचं. ८.७ इंचावर मात्र समास कापूनही साडेआठच्या पुढे जात नाही. छोटा टॅब आडवा धरला तर अक्षर मोठं होतं हे खरं, पण पानाचा निम्म्याहून कमी भाग दिसतो, आणि तक्ता किंवा नकाशा असला तर वरखाली सरकवतच बसावं लागतं. बोटांनी मोठं करून डावी-उजवीकडे ढकलत वाचणं तर त्याहून वाईट. ओळीचा शेवट गाठेपर्यंत सुरुवात नजरेआड झालेली असते.

तुझ्यासारख्या स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थिनीला म्हणून ११ इंचाच्या आसपासचाच टॅब घ्यावा असं मी सांगेन. डेमी आकाराचं मराठी पुस्तक साडेपाच इंच रुंद, म्हणजे १४० मिलिमीटर. त्याची पीडीएफ ११ इंची टॅबवर जशीच्या तशी, मूळ मापात बसते. ‘लोकराज्य’चे अंक, ई-बालभारतीवरून उतरवलेली शालेय पुस्तकं ही मोठ्या पानांची, तीही समास कापून नीट वाचता येतात. लहान टॅब वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. लोकलमध्ये उभ्याने कादंबरी वाचणाऱ्याला तोच बरा. वजन ११ इंचीपेक्षा बरंच कमी, आणि ई-पब पुस्तकात अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने जुळतात. पीडीएफचं पान तसं हलत नाही, ते छापल्यासारखं घट्ट असतं. आणि तुझा सगळा अभ्यास पीडीएफवर आहे.

स्वस्त आणि छोटा घेऊन भागेल असं एकदा सरकारलाही वाटलं होतं. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ टॅब आला. सात इंची स्क्रीन, ८०० बाय ४८० ठिपके, २५६ एमबी रॅम, २ जीबी साठवण. पुढच्या वर्षी आयआयटी मुंबईच्या देखरेखीखाली त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. हेतू फार चांगला होता आणि तो मला मनापासून पटला होता. पण ए-फोर पान त्या ४८० ठिपक्यांच्या रुंदीत बसवलं तर कागदाच्या एका इंचाला साठसुद्धा ठिपके मिळत नव्हते. तेवढ्यात रफार आणि अनुस्वार वेगळे ओळखू येणं कठीण.

बारा-तेरा इंची टॅबच्या मोहात पडू नकोस. एका बाजूला व्याख्यान, दुसऱ्या बाजूला नोट्स असं मांडायला तो छान, पण वजन आणि किंमत दोन्ही चढतात. त्याच पैशांत ११ इंचीची साठवण दुप्पट करता येते. टॅबवर लिहायच्या पेनचंही तसंच. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, उत्तरं कागदावर पेनाने लिहायची आहेत. मग सरावही कागदावरच हवा. काचेवर हात घसरतो, दाब वेगळा पडतो, आणि वेळेचा अंदाज चुकतो. पेनचे पैसे उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या गठ्ठ्यावर घाल.

आता साठवण. इथे विचारायचा प्रश्न एकच, नेट नसताना तुझ्याजवळ काय असायलाच हवं. नोट्सची काळजी करू नकोस. टाइप केलेली पीडीएफ काही एमबींची असते, स्कॅन केलेलं जाड पुस्तकही क्वचितच शेकड्यांत जातं. जागा खातात ती व्याख्यानं. सेकंदाला दीड मेगाबिट या हिशेबाने साठवलेला तासाभराचा व्हिडिओ ६७५ एमबीचा होतो. एका विषयाची शंभर तासांची व्याख्यानं उतरवलीस तर साडेसदुसष्ट जीबी. म्हणजे ६४ जीबीचा टॅब एका विषयालाच पुरत नाही, आणि त्या ६४ पैकी मोठा हिस्सा ऑपरेटिंग सिस्टिम आणि आधीच भरलेल्या ॲपनी व्यापलेला असतो. दुकानात मांडलेल्या टॅबच्या सेटिंगमध्ये स्टोरेज उघडून बघ, रिकामी जागा किती ते तिथे लिहिलेलं असतं. काही उपकरणं १०२४ च्या पटीने मोजतात, म्हणून १२८ जीबीचे ११९ दिसले तर घाबरू नकोस. तो मोजण्याचा फरक आहे.

‘मेमरी कार्ड टाका की’ असं विक्रेता म्हणेल. कार्ड उपयोगी आहे, पण सगळ्याला नाही. पीडीएफ, गाणी, स्वतः कॉपी केलेले व्हिडिओ कार्डावर खुशाल ठेव. क्लासच्या ॲपमधून उतरवलेली व्याख्यानं मात्र कुलूपबंद असतात, ती त्या ॲपमध्येच चालतात आणि पुष्कळ ॲप ती कार्डावर जाऊ देत नाहीत. व्हॉट्सॲपवर येणारे फोटो आणि फाइलीही टॅबच्या आतल्या जागेतच साठतात. म्हणून तुझ्या क्लासचं ॲप कार्डावर उतरवू देतं का, हे खरेदीआधी वर्गातल्या कुणाला तरी विचार. देत असेल तर १२८ जीबी आणि कार्डाची खाच असलेला टॅब पुरे. देत नसेल, किंवा आयपॅड घ्यायचा असेल, तर सरळ २५६ घे. आयपॅडला कार्डाची खाच २०१० च्या पहिल्या आवृत्तीपासून कधीच नव्हती, आणि आतली जागा नंतर कुणालाही वाढवता येत नाही.

जागा काठोकाठ भरू नकोस. आतल्या फ्लॅश साठवणीत जुनं पुसून नवं लिहिताना अख्खे ठोकळे मोकळे करावे लागतात. रिकामी जागाच नसेल तर ही उलथापालथ वाढते आणि टॅब रेंगाळतो, शिवाय सिस्टिमचे अपडेट अडतात. सहावा हिस्सा तरी नेहमी मोकळा ठेव.

रॅम आणि साठवण यांत गल्लत होऊ देऊ नकोस. जाहिरातीत ‘८+८’ लिहिलेलं असतं, त्यातले दुसरे आठ साठवणीतून उसने घेतलेले असतात आणि खऱ्या रॅमच्या वेगाने चालत नाहीत. खरी रॅम ६ जीबी तरी असू दे. क्लाउडवर विसंबू नकोस. गूगलचे १५ जीबी मेल, फोटो, फाइली सगळ्यांना मिळून असतात, आणि गावी जाताना रत्नागिरीजवळ साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात गाडी शिरली की क्लाउडवरचं काहीच उघडत नाही. जे वाचायचं ते आदल्या रात्री टॅबवर उतरवून घे. सिमचा टॅब घ्यायची गरज नाही, फोनचा हॉटस्पॉट पुरतो.

कार्ड घेशील तेव्हा फुटपाथवरून घेऊ नकोस, पक्क्या बिलाच्या दुकानातून घे. बनावट कार्डावर २५६ जीबी छापलेलं असतं, टॅबलाही तेवढंच दिसतं, पण आत खरी जागा थोडीच असते, आणि ती भरली की पुढच्या फाइली गुपचूप खराब होतात. आणल्या दिवशी कार्ड मोठ्या व्हिडिओंनी पूर्ण भर आणि अगदी शेवटी टाकलेल्या दोन-तीन फाइली उघडून मधूनमधून चालवून बघ. नीट चालल्या तर सगळं पुसून नोट्स टाक. अडखळल्या तर त्याच दिवशी बिल घेऊन दुकान गाठ.