शस्त्रक्रियेनंतरच्या गोळ्या

हेब्बाळ हे बंगळूरच्या उत्तरेचे, तलावाकाठी वसलेले एकेकाळचे गाव. १९७३ साली येथे बॅप्टिस्ट रुग्णालय सुरू झाले. आज बळ्ळारी मार्गावरील या भागात मोठमोठी रुग्णालये असून दूरदूरचे रुग्ण शस्त्रक्रियेसाठी येथे येतात. पित्ताशय काढलेला असा एखादा रुग्ण घरी निघाला की शल्यचिकित्सकापुढे एक प्रश्न उभा राहतो: वेदनाशामक गोळ्या किती लिहून द्याव्यात? गाव दूर असेल तर हेलपाटा पडू नये म्हणून त्याचा हात सढळ होतो. ही दया समजण्याजोगी आहे. मात्र औषध अफूच्या वर्गातील असेल तर ती महाग पडते.

मॉर्फीन व त्याच्या जातीची कृत्रिम औषधे मेंदू आणि मज्जारज्जू यांतील विशिष्ट ग्राहींना चिकटतात. त्यामुळे वेदनेची जाणीव मंदावते. पण त्याबरोबर श्वसन व आतड्यांची हालचालही मंदावते. औषध सतत चालू राहिले तर शरीर त्याला सरावते, तीच मात्रा अपुरी पडू लागते आणि ते एकाएकी थांबविल्यास अंगदुखी, घाम व निद्रानाश यांनी रुग्ण हैराण होतो. हा त्रास जखमेचाच आहे असे समजून तो पुन्हा गोळी घेतो.

अमेरिकेने या बाबतीत मोठी किंमत मोजली. १९८० साली तेथील एका वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचे पत्र छापून आले. रुग्णालयात अशी औषधे दिलेल्या सुमारे बारा हजार रुग्णांपैकी केवळ चौघांना व्यसन जडल्याचे त्यात नमूद होते. रुग्णालयात परिचारिका प्रत्येक मात्रा मोजून देते. घरच्या बाटलीवर असा पहारा नसतो. तरीही पुढे हे पत्र वारंवार उद्धृत होऊन या औषधांच्या निर्धोकपणाचा पुरावा मानले गेले. २०१७ साली मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी छत्तीस हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या. शस्त्रक्रियेपूर्वी ही औषधे न घेणाऱ्यांपैकी शेकडा सुमारे सहा जण तीन महिने उलटल्यावरही ती घेत होते. विशेष म्हणजे लहान आणि मोठ्या शस्त्रक्रियांत हे प्रमाण जवळजवळ सारखेच होते. तेव्हा दोष केवळ जखमेच्या वेदनेला देता येत नाही.

याच विद्यापीठात दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढलेल्या रुग्णांना ‘गोळ्या किती लागल्या?’ असे विचारण्यात आले. साधारणतः पन्नास गोळ्यांइतके औषध दिले जाई; लागत सहाच्या आसपास. मग पंधरा गोळ्यांचा दंडक घातला गेला, आणि जादा गोळ्या मागण्याचे प्रमाण वाढले नाही. इतका साधा प्रश्न विचारावयास इतकी वर्षे लागावीत, हे नवलच.

भारताचा इतिहास याच्या उलट आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कडक अटींमुळे कर्करोगाच्या रुग्णांनाही मॉर्फीन दुर्मिळ झाले. या अटी सैल करण्यासाठी २०१४ साली कायद्यात दुरुस्ती करावी लागली. म्हणून अमेरिकेच्या अनुभवावरून आपण वेदनाग्रस्ताचे औषध तोडू लागलो तर तो अन्यायच ठरेल. आपल्याकडे सावधगिरी हवी ती ट्रामाडॉलसारख्या सौम्य समजल्या जाणाऱ्या गोळ्यांबाबत. २०१८ साली ट्रामाडॉल या कायद्याखाली आणले गेले.

हेब्बाळच्या त्या रुग्णाला काय द्यावे? शस्त्रक्रियेच्या वेळीच छेदाच्या जागी बधिरतेचे औषध टोचल्यास पहिले काही तास सुसह्य होतात. त्यानंतर पॅरासिटामॉल ठराविक वेळाने घ्यावे, दुखण्याची वाट पाहू नये. मूत्रपिंड व जठर निरोगी असल्यास दाह कमी करणारे औषध जोडीला द्यावे. एवढ्यानेही कळ न थांबल्यास तेवढ्यापुरत्या मोजक्या ट्रामाडॉलच्या गोळ्या पुरतात. दूरच्या रुग्णाला जादा पाकिटाऐवजी दूरध्वनीचा क्रमांक द्यावा. उरलेल्या गोळ्या पुढेमागे कोणाच्या तरी पाठदुखीवर उपयोगी पडतील म्हणून फडताळात ठेवण्याची आपल्या घरांतील रीत येथे घातक आहे, हेही त्याला सांगावे. टाके पाहण्याच्या भेटीत किती गोळ्या उरल्या हे विचारून तो आकडा केसपेपरवर लिहावा. अशा शंभर नोंदी जमल्या की त्या रुग्णालयाला स्वतःचा दंडक ठरविता येतो.