मूत्रपिंडाची दुरुस्ती आणि मूलपेशी

पावसाळ्यात भातशेतात काम करणाऱ्या एखाद्या शेतकऱ्यास घोणस चावते. प्रतिविषामुळे प्राण वाचतात, परंतु एक-दोन दिवसांत लघवी थांबते. डायलिसिसच्या आधारे काही आठवडे काढल्यावर ती हळूहळू पुन्हा सुरू होते व पुष्कळदा रुग्ण आपल्या पायांनी घरी परततो. गोवा व कोकणातील डॉक्टरांस हे चित्र नवे नाही. लेप्टोस्पायरोसिसच्या तापातही ते दिसते. बंद पडलेले मूत्रपिंड पुन्हा चालू झाले खरे, पण ते दुरुस्त केले कोणी? या प्रश्नाने शास्त्रज्ञांना बराच काळ झुलवत ठेवले आहे.

प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाख नेफ्रॉन असतात. केशवाहिन्यांचा एक गुच्छ आणि त्यापासून निघणारी वळणावळणाची नलिका मिळून एक नेफ्रॉन होतो. गुच्छांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि नलिका त्यातील दीड-दोन लिटर वगळता सर्व परत शोषून घेतात. या अखंड श्रमासाठी नलिकांच्या पेशींना प्राणवायू फार लागतो. मूत्रपिंडाच्या आतील भागात मुळातच तो तुटपुंजा. त्यामुळे रक्तदाब कोसळला, विष भिनले किंवा शरीरातील पाणी आटले, की प्रथम बळी पडतात त्या याच पेशी. नवा नेफ्रॉन मात्र मनुष्यास जन्मानंतर मिळत नाही. ही निर्मिती गर्भावस्थेच्या सुमारे ३६व्या आठवड्यात संपते. झेब्राफिश हा चिमुकला मासा या बाबतीत आपल्याहून भाग्यवान म्हटला पाहिजे, कारण इजेनंतर तो नवे नेफ्रॉन तयार करू शकतो. आपल्या वाट्याला येते ती जुन्याच नलिकेची डागडुजी.

ज्या पेशी स्वतःसारख्या पेशी निर्माण करतात व गरजेनुसार निरनिराळ्या पेशींचे रूपही घेऊ शकतात, त्यांना मूलपेशी म्हणतात. ज्यांचा मार्ग बराचसा ठरून गेलेला आहे, त्यांना जनकपेशी म्हणता येईल. अस्थिमज्जेतील मूलपेशी रक्त तयार करतात, हे १९६१ मध्ये टोरांटो येथील टिल व मॅककुलॉक यांच्या प्रयोगांनी दाखविले. पुढे २००१ मध्ये लंडनच्या संशोधकांना स्त्रीचे मूत्रपिंड बसविलेल्या पुरुष रुग्णांच्या नलिकांत पुरुषाचे वाय गुणसूत्र असलेल्या काही पेशी आढळल्या. मज्जेतील पेशीच रक्तावाटे येऊन मूत्रपिंड बांधतात की काय, अशी आशा त्यातून बळावली.

तिला छेद दिला तो बोस्टन येथील २००८ च्या प्रयोगाने. त्यात उंदरांच्या नेफ्रॉनमधील पेशींवर, पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी जनुकीय खूण गर्भावस्थेतच उमटविण्यात आली. नंतर मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा काही वेळ रोखून इजा करण्यात आली. दुरुस्ती बाहेरून आलेल्या पेशींनी केली असती, तर खूण असलेल्या पेशींचे प्रमाण घटले असते. ते घटले नाही! म्हणजे घरच्याच पेशींनी घर सावरले होते. वाचलेली पेशी आपले विशेष रूप तात्पुरते टाकते, उघड्या पडलेल्या भिंतीवर पसरते, विभागते व पुन्हा कामाला लागते.

मग या घरच्या पेशींतही काही राखीव जनकपेशी आहेत काय? फ्लॉरेन्स येथील रोमान्यानी यांच्या गटाने २००६ मध्ये मानवी मूत्रपिंडात, गुच्छाभोवतीच्या आवरणात, अशा पेशी दाखविल्या. २०१८ मध्ये याच गटाने मांडले की अशा मोजक्या पेशीच खऱ्या अर्थाने वाढतात. इतर पुष्कळ पेशी विभागल्याविना केवळ आकाराने मोठ्या होऊन उणीव झाकतात. उलट, २०१४ मधील एका प्रयोगात पूर्ण परिपक्व पेशीही विभागताना दिसल्या होत्या. वाद मिटलेला नाही. तथापि, रक्तातील क्रिएटिनिन उतरले तरी मूत्रपिंड पूर्ववत होतेच असे नाही, हे वैद्यांना अनुभवाने ठाऊक असलेले सत्य फ्लॉरेन्सच्या मताने चांगले उलगडते. इजा तीव्र असेल तर काही पेशी विभाजनाच्या मध्यावरच अडकतात आणि तंतू वाढविणारे संदेश सोडत राहतात. तेथे वण पडतो.

बाहेरून मूलपेशी टोचण्याचे काय? उंदरांत लाभ दिसला. त्या पेशी नलिका बांधत नाहीत, तर पोषक द्रव्ये स्रवून मदत करतात असे आढळले. परंतु हृदयशस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंडास इजा झालेल्या १५६ रुग्णांवरील, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा पेशींनी सुधारणा लवकर झाली नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनीही रक्तविकारांतील मान्य उपयोग वगळता अन्यत्र मूलपेशींचा वापर प्रायोगिक ठरविला व तो मंजूर चाचणीतच व्हावा असे सांगितले. चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यावयाचे नसतात. जमीन गहाण टाकून 'मूलपेशींच्या सुया' घेण्यास निघालेल्या कुटुंबाने एवढी एक गोष्ट आधी विचारावी.

मूत्रपिंडाच्या अशा दुखण्यातून उठलेल्या रुग्णाने तीन महिन्यांनी क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत, आणि वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नयेत.