भाला आणून देणारी मुलं

६ सप्टेंबर २०२३. माणगाव तालुक्यातल्या पुरार इथं शाळेच्या मैदानावर भालाफेकीचा सराव चालला होता. पुढे तालुकास्तरीय स्पर्धा होत्या, त्यांची ही तयारी. पंधरा वर्षांचा एक मुलगा बुटाची नाडी बांधायला खाली वाकला आणि दुसऱ्यानं फेकलेला भाला त्याच्या डोक्यात घुसला. तो वाचला नाही. आपल्या रायगड जिल्ह्यातली ही घटना आहे आणि खेळ शिकवणाऱ्या कुणीही ती विसरू नये.

त्याच्या चार वर्षं आधी केरळात, पाला इथं, राज्यस्तरीय ज्युनिअर अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा चालू असताना अकरावीतला एक विद्यार्थी भालाफेकीच्या ठिकाणी स्वयंसेवक म्हणून काम करत होता. शेजारीच हातोडाफेक सुरू होती. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी तिकडून आलेला हातोडा त्याच्या डोक्याला लागला. २१ ऑक्टोबरला रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. तो स्पर्धक नव्हता, मदतीला आला होता.

आपल्याकडे स्पर्धेची तयारी म्हणजे प्रवेशिका, चेस्ट नंबर, हीटचे तक्ते, बक्षिसं, पाहुण्यांच्या खुर्च्या. मदतनीस मुलं सकाळी ऐनवेळी गोळा केली जातात. आठवी-नववीतली, स्पर्धेत निवड न झालेली, पण मैदानाची ओढ असलेली. त्यांना टोपी मिळते, बिल्ला मिळतो, दुपारी वडापाव मिळतो. नेमकं काय करायचं आणि कुणाचं ऐकायचं, हे मात्र बहुतेक वेळा कुणी सांगत नाही.

असा एक प्रसंग माझ्या डोळ्यांदेखत थोडक्यात टळला. किनाऱ्यालगतच्या एका मैदानावर तालुकास्तरीय स्पर्धा होत्या. रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडीप मिळाली होती. फक्की सारखी धुऊन जात होती आणि पुन्हा मारावी लागत होती. मी लांब उडीच्या पिटवर होते, समोर भालाफेक चालू होती. भाले तीनच आणि स्पर्धक भरपूर, म्हणून फेकलेला भाला लगेच परत यायला हवा होता. त्या कामाला नववीची मुलं लावली होती. एक सर त्यांना ‘पळ, लवकर आण’ म्हणत, दुसरे टेप धरायला बोलावत, तिसरे गर्दी मागे सारायला पाठवत. धावपट्टीवरचे पंच एका फाऊलच्या तक्रारीत गुंतले. तेवढ्यात माइकवरून रिलेचा पुकारा झाला. आपल्या शाळेचं नाव ऐकून, भाला घेऊन येणाऱ्या मुलानं मान ट्रॅककडे वळवली, आणि इकडे पुढच्या स्पर्धकानं धाव घेतली. भाला त्या मुलापासून हातभर अंतरावर आपटला आणि ओल्या गवतावरून सरपटत पुढे गेला. मुलगा क्षणभर थबकला, मग दोन्ही भाले उचलून धावतच परत आला. त्याला तेवढंच सांगितलं होतं ना!

त्या दिवशी कुणाच्या मनात वाईट नव्हतं. सगळे घाम गाळत होते. पण एका मुलाला तिघं कामं सांगत होते आणि त्याच्या जिवाची जबाबदारी तिघांपैकी एकाकडेही नव्हती. तेव्हापासून मी ज्या ज्या स्पर्धेला जाते तिथे सगळ्यात आधी हाच आग्रह धरते: एका मदतनीसाला एकच काम, आणि त्याला सांगणारा माणूसही एकच. मुख्याध्यापक आले तरी त्याला जागेवरून हलवायचं नाही.

भालाफेकीसाठी माझी पद्धत सांगते. भाले स्पर्धकांच्या हातात ठेवायचेच नाहीत. ते धावपट्टीजवळ एका शिक्षकाच्या ताब्यात, टोक खाली करून उभे. समोरचं क्षेत्र रिकामं झाल्याची पांढरी झेंडी दिसली की मगच तो शिक्षक पुढच्या स्पर्धकाला भाला देतो. क्षेत्रात एकही माणूस असेपर्यंत लाल झेंडी वर आणि धावपट्टीवर आडवा ठेवलेला शंकू. झेंडी धरणाऱ्यानं दुसरं काहीही करायचं नाही, तक्रार ऐकायची नाही, मोबाइल घ्यायचा नाही.

मदतनीस मुलांनी उभं राहायचं ते क्षेत्राच्या रेषांच्या बाहेर, तोंड फेकणाऱ्याकडे. पाठ कधीच नाही. भाला पडला, शिटी झाली, की चालत आत जायचं, धावायचं नाही. रोवलेल्या भाल्याचं शेपूटही पोटात किंवा डोळ्यात घुसू शकतं, म्हणून बाजूनं जाऊन आधी हात लावायचा आणि मग उपसायचा. परत आणताना भाला उभा, टोक जमिनीकडे, आणि वाट रेषेच्या बाहेरून. भाला किंवा गोळा परत फेकायचा नाही, हातातच आणायचा, हा आंतरराष्ट्रीय नियमही आहे. क्षेत्रातली ही शिस्त मोठ्यांनाही लागू आहे. २०१२ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला युवा स्पर्धेत भाल्याची फेक मोजायला निघालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या पंचांचा भाला लागून मृत्यू झाला. आयुष्य मैदानावर काढलेल्या माणसाच्या बाबतीत हे घडतं, तर नववीतल्या पोराचं काय?

क्षेत्र आखताना अंदाज नको. भालाफेकीचा कोन २८.९६ अंशांचा असतो. मैदानावर कोनमापक कोण आणणार? सोपा हिशेब असा की धावपट्टीच्या टोकाच्या कमानीच्या केंद्रापासून ४० मीटरवर दोन रेषांमधलं अंतर २० मीटर भरलं पाहिजे. गोळाफेक आणि थाळीफेकीचा कोन ३४.९२ अंश, तिथे वर्तुळाच्या केंद्रापासून २० मीटरवर १२ मीटर. दोरी आणि टेप एवढ्यावर काम होतं. या रेषा धुऊन गेल्या असतील तर फेक थांबवावी. आणि दोन फेकी शेजारी-शेजारी एकाच वेळी अजिबात घेऊ नयेत. पालाच्या त्या मुलाचा जीव नेमका अशा मांडणीत गेला.

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, उरण या बाजूला वाऱ्याचाही विचार करावा लागतो. उन्हं चढली की समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि भाला बाजूला ओढला जातो. वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला मदतनीस उभे करा. भाला सरकला तर त्यांच्यापासून दूर सरकेल. ओल्या गवतावर भाला घसरतो, तेव्हा मुलांना नेहमीपेक्षा बरंच लांब ठेवा. शक्य असेल तर सगळ्या फेकी सकाळीच उरकून घ्या.

बाकीची कामं तुलनेनं सोपी आहेत, तरी थोडं सांगते. घड्याळ लावणाऱ्यानं पिस्तुलाचा धूर पाहून बटण दाबावं, क्लॅपर असेल तर फळ्या मिटताना पाहून. आवाज ऐकून दाबलं तर शंभर मीटरच्या शर्यतीत जवळपास तीन दशांश सेकंद चोरीला जातात, कारण आवाजाला तेवढं अंतर यायला तेवढा वेळ लागतो. ४ बाय १०० रिलेत बॅटन बदलण्याचा पट्टा आता ३० मीटरचा आहे; जुन्या शिक्षकांच्या डोक्यात अजून २० बसलेलं असतं, त्यामुळे तिथं उभ्या राहणाऱ्याला पट्टा दाखवूनच ठेवा. चूक दिसली तर त्यानं पिवळी झेंडी वर करून लेन लिहून ठेवावी; निर्णय मुख्य पंचांचा, वाद घालणं त्याचं काम नाही. लांब उडीच्या पिटवर माप मोठ्यानं वाचून लिहून होईपर्यंत वाळूला दाताळं लावू नये, आणि दाताळं ठेवताना दात नेहमी जमिनीकडे असावेत. मुलींच्या कॉल रूमला एक तरी शिक्षिका असावी. मुली पाळीची अडचण सरांना सांगत नाहीत, गप्प राहून धावतात आणि चक्कर येऊन पडतात.

७ ऑगस्ट २०२१ ला नीरज चोप्रानं टोकियोत ८७.५८ मीटरवर भाला फेकला आणि आपल्या वाडी-वस्तीवरच्या शाळांतही मुलं भाला मागू लागली. मला याचा फार आनंद आहे. कोळीवाड्यातल्या, आगरी पाड्यातल्या पोरांच्या खांद्यात जोर आहे, त्यांनी भाला फेकलाच पाहिजे. पण अनेक शाळांत खेळाचा शिक्षक एकच असतो, काही ठिकाणी तोही नसतो, आणि सराव मुलांवरच सोपवला जातो. पुरारची दुर्घटना सरावात घडली, स्पर्धेत नव्हे. म्हणून वर सांगितलेलं सगळं सरावालाही तसंच लागू करा.

येत्या पावसाळ्यात तालुका स्पर्धांचं पत्र येईल तेव्हा माझ्या शिक्षक बंधू-भगिनींना विनंती आहे: आदल्या दिवशी मदतनीस मुलांना मैदानावर घेऊन जा, प्रत्येकाची जागा दाखवा, झेंडीचा अर्थ त्यांच्याकडून वदवून घ्या. पालकांनीही मुलाला विचारावं, उद्या तुझं काम कोणतं आणि तुला सांगणार कोण. भालाफेकीला झेंडी, भाले आणि क्षेत्र सांभाळणारी तीन मोठी माणसं मिळत नसतील, तर त्या दिवशी भालाफेक घेऊ नका.